माहेरच्या वाटेने गेलेल्या बातम्या
(प्रस्तावना)

कासिम रझवी लातूरचा वकील होता, हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगितले की तो एकदम दचकतो. निजामाची बाजू घेऊन लढणाऱ्या रझाकार संघटनेचा हा सर्वेसर्वा निजामाच्या दरबारातून वर आलेला नव्हता. लातूरच्या कोर्टात त्याने वकिली केली आणि त्याचे राजकारणही इथल्याच गल्ल्यांत मूळ धरून वाढले. ज्या गावातून त्याच्या संघटनेला माणसे मिळाली, त्याच गावातून स्टेट काँग्रेसला आणि आर्य समाजालाही मिळाली. १९४७-४८ चा हैदराबाद संस्थानातला लढा निजामी सत्ता आणि प्रजा यांच्यातला होता, हे पाठ्यपुस्तकात असते आणि ते खरेही आहे. पण लातूर, औसा, निलंगा, उदगीर, उमरगा या पट्ट्यात तो शेजाऱ्याशेजाऱ्यांतलाही होता. एका आडावर पाणी भरणारी, एकाच बाजारात माल घालणारी, एकमेकांच्या लग्नाला आहेर करणारी घरे त्या वर्षभरात एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागली.

शत्रू शेजारी राहत असला की माहितीची किंमत बंदुकीपेक्षा वर जाते. ठाण्यात आज किती शिपाई आहेत, पाटलाच्या वाड्यावर रात्री कोण उतरले, कुणाच्या गोठ्यात गाड्या जुंपायला काढल्या, याचे उत्तर पुढाऱ्यांकडे नसते. ते धुणे घेऊन नदीवर जाणाऱ्या, दळण टाकायला आलेल्या, बाळंतिणीला बघायला गेलेल्या बाईकडे असते. त्या बायकांनी ही माहिती उचलली, पारखली, पोचवली. या पुस्तकाचा विषय तो आहे.

नव्या वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये ती स्थापन होता होताच बंदी आली आणि त्याच वर्षी सत्याग्रह झाला. आर्य समाजाचा सत्याग्रह त्याला लागूनच चालला. बंदी उठली १९४६ मध्ये. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे देशभर झेंडे लागत होते त्याच दिवशी, अटक झाली. नोव्हेंबरअखेर दिल्ली आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला आणि भारत सरकारचे हात काही काळ बांधले गेले. मधल्या महिन्यांत लढा चालला तो सरहद्दीवरच्या कॅम्पांतून. सोलापूर, बार्शी आणि मनमाडकडे, तर विदर्भाच्या बाजूला उमरखेडला. आतल्या गावांतले तरुण बाहेर येऊन हत्यार चालवायला शिकत, आत घुसून करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळत, ठाण्यांवर हल्ले करत. नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली गेली आणि पैसा पैनगंगेपलीकडे कॅम्पात गेला, हे त्यातले सर्वांत गाजलेले प्रकरण. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर किसान दलाचे ठाणे होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

या हकिगतीत नावे येतात ती पुरुषांची, ठिकाणे येतात ती कॅम्पांची. पण कॅम्पातल्या माणसाला आतले कसे कळायचे? उमरीच्या बँकेत रोकड आहे, पहारा अमुक वेळी ढिला असतो, अशा गोष्टी बाहेर बसून कळत नाहीत. कुठल्याही सशस्त्र लढ्याचा निम्मा भाग हा असाच न दिसणारा असतो.

त्या काळी एखादी बाई बार्शीहून लातूरकडे निघाली, की तिच्या वाटेत काय काय येई, ते जरा जवळून पाहू. बार्शी ब्रिटिश मुलखात, पुढे स्वतंत्र भारतात. लातूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. दोन्ही गावांना जोडणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ पासून लातूरपर्यंत धावत होती, आणि त्या रुळांवरून कापूस-भुसार जसे जात तशाच सोयरिकीही जुळत. लातूर तालुक्यातल्या कितीतरी सुनांचे माहेर पलीकडे. हद्द ओलांडली की नाक्यावर गाठोडे उचकटले जाई. कमरेच्या पिशवीत कलदार, म्हणजे भारतीय रुपये निघाले तर प्रश्न. जैसे थे करारानंतर थोड्याच काळात निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बाद ठरवले होते. आत चाले तो हाली शिक्का, सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. तेव्हा निघण्याआधीच पैसे बदलून घ्यायचे, तेही फार नाही, कारण गरीब बाईकडे हालीसुद्धा जास्त असले की नजर जातेच. मूल बरोबर असावे, पण बोलणारे नसावे. कुणाकडे निघालीस असे विचारले तर नाव खरेच सांगायचे, कारण शिपाई त्याच गावचा निघाला तर खोटे तिथल्या तिथे उघडे पडते. कागद शक्यतो नकोच. दरबारी भाषा उर्दू, बाईला मराठीही लिहिता येत नाही, मग तिच्याजवळ चिठ्ठी सापडणे हाच पुरावा. निरोप डोक्यात ठेवायचा. जात्यावर शेकडो ओव्या तोंडपाठ म्हणणाऱ्या बायकांना चार वाक्ये जशीच्या तशी पोचवणे जड नव्हते. जड होते ते दुसरेच. पोचल्यावर समोर अनोळखी माणूस असेल तर सांगायचे की नाही, हे जागच्या जागी ठरवणे. तिथे विचारायला कुणी नसे.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या लेखनात या कामाला सरसकट ‘मदत’ म्हटले जाते. महिलांनी भूमिगतांना जेवण दिले, निरोप पोचवले, मोलाची मदत केली. दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतरच्या भाषणात हे वाक्य येते आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मदत करणारा दुसऱ्याच्या बेतात हातभार लावतो. या बायका बेत ठरवायला लागणारी माहिती आणत होत्या, कोणती खबर खरी आणि कोणती उठवलेली याचा निवाडा करत होत्या, आणि चुकल्या तर माणसे मरत होती. हे हेरगिरीचे पूर्ण काम आहे, अर्धे नव्हे. वाटा मात्र त्यांना नव्याने शोधाव्या लागल्या नाहीत. माहेर, बाजार, जत्रा, सोयर-सुतक या वाटा होत्याच. आषाढीला मराठवाड्यातल्या दिंड्या हद्द ओलांडून पंढरपूरला जात, नवरात्रात सोलापूरकडची माणसे तुळजापूरला येत. ही रहदारी थांबवणे निजामालाही झेपणारे नव्हते.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांच्या जाती सांगितल्या त्यात परिव्राजिका आहे: गरीब, विधवा, बोलण्यात धीट, आणि अंतःपुरात जिचा मान राखला जातो अशी ब्राह्मण स्त्री. जिला कुणी अडवत नाही तीच खरी कामाची, हे तत्त्व दोन हजार वर्षे जुने आहे. फरक इतकाच, की कौटिल्याची परिव्राजिका पगारी आहे आणि राजाची आहे. मराठवाड्यातल्या बाईला पगार नव्हता आणि राजा समोरच्या बाजूला होता. सातारा-सांगलीकडे प्रतिसरकारच्या काळात हौसाताई पाटलांनी, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्येने, भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर घरगुती मारहाणीचे नाटक उभे केले. पोलीस सोडवायला बाहेर धावले तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. बाईचा मार ही रोजची, फारशी मनावर न घेण्याची गोष्ट आहे, या पोलिसांच्याच समजावर तो डाव बेतलेला होता. सवयीने आंधळे झालेले डोळे हे प्रत्येक हेराचे भांडवल असते.

बाहेरच्या जगातली उदाहरणे घेतली तर अमेरिकेतले यादवी युद्ध अभ्यासकांचे सर्वांत आवडते. १८६१ च्या जुलैत वॉशिंग्टनहून रोझ ग्रीनहाऊने दक्षिणेच्या सेनापतीला पाठवलेला सांकेतिक निरोप बेट्टी डुव्हॉल नावाच्या तरुणीने अंबाड्यात दडवून नेला. दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये राहून एलिझाबेथ व्हॅन ल्यूने उत्तरेसाठी हेरांचे जाळे चालवले. युद्धानंतर तिने सरकारदप्तरातले आपले कागद मागून घेतले आणि नष्ट केले, कारण तिला पुढेही त्याच गावात राहायचे होते. हॅरिएट टबमनने १८६३ मध्ये कंबाही नदीवरच्या मोहिमेत टेहळणी करून वाट दाखवली आणि सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. म्हातारपणी तिला पेन्शन मिळाले ते नवऱ्याची विधवा म्हणून आणि पुढे परिचारिकेच्या कामाबद्दल. हेर म्हणून कधीच नाही.

आयर्लंडचे उदाहरण मात्र इथल्या अभ्यासकांनी मनावर घ्यावे असे आहे. तिथे स्वातंत्र्ययुद्ध आणि लगेच १९२२-२३ चे यादवी युद्ध झाले. निरोप आणि हत्यारे पोचवणाऱ्या कुमन ना मान या महिला संघटनेला पेन्शनच्या पहिल्या कायद्यात स्थान नव्हते, १९३४ च्या कायद्याने ते मिळाले. अर्ज करताना बायकांना कुठे, केव्हा, कुणासाठी काय नेले हे तपशिलाने लिहावे लागले. ती दप्तरे आता लोकांसाठी खुली झाली आहेत आणि त्यांतून या कामाचा अख्खा नकाशा उभा राहतो. सरकारी फॉर्मने इतिहास घडवला, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे फॉर्मने उलटे केले. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचे पेन्शन सुरू झाले तेव्हा पहिला प्रश्न तुरुंगवासाचा होता. सहा महिने, आणि स्त्रियांना सवलत म्हणून तीन. पण जी हेर तुरुंगात गेली ती पकडली गेलेली. जी पकडली गेली नाही, म्हणजे जिने काम नीट केले, तिच्याकडे दाखवायला कागदच नाही. भूमिगत असल्याचा दाखला हवा तर वॉरंट हवे, आणि जिच्यावर कुणाला संशयच आला नाही तिच्या नावाचे वॉरंट कोण काढणार? नवऱ्याच्या अर्जात ‘पत्नीनेही साथ दिली’ एवढी ओळ आली तर नशीब.

म्हणून ज्यांची नावे राहिली त्या बहुतेक हत्यार हाती घेतलेल्या. ईटच्या गोदावरीबाई टेके रझाकारांशी लढताना हुतात्मा झाल्या. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हटले जाते ते बाँब आणि घोडा यांमुळे. त्यांनी निरोप नेले, हत्यारे नेली, हे चरित्रात एका ओळीत येते. आशाताई वाघमारे, नांदेडच्या प्रतिभाताई वैशंपायन ही नावे यादीत असतात, यादीपुढे बहुधा जात नाहीत. शौर्य दिसावे लागते, आणि हेरगिरीचा तर न दिसणे हाच गुण.

अभ्यासाची परंपरा पाहिली तर तिचे दोन-तीन प्रवाह सहज दिसतात. पहिला सेनानींच्या आठवणींचा. स्वामी रामानंद तीर्थांचे इंग्रजी आत्मकथन आणि अनंत भालेराव यांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे त्याचे आधारस्तंभ. नरहर कुरुंदकरांनी याच विषयावर नांदेडला बसून जे चिंतन केले त्याची धार आजही बोथट झालेली नाही. पण या सर्वांची नजर संघटनेवर आणि राजकारणावर आहे, आणि ती तशी असणे स्वाभाविक होते. दुसरा प्रवाह तेलंगणातला. शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने ऐंशीच्या दशकात घेतल्या. आधी तेलुगूत आणि मग इंग्रजीत आलेल्या त्या पुस्तकाने भारतातल्या मौखिक इतिहासाची दिशाच बदलली. मल्लु स्वराज्यम यांच्यासारख्या दलम, म्हणजे सशस्त्र तुकडी चालवणाऱ्या बायका त्यात आहेत, तशाच निरोप पोचवणाऱ्या आणि गुप्त ठिकाणे सांभाळणाऱ्याही. लढा संपल्यावर ‘आता घरी जा’ असे सांगितले गेल्याची खंत त्यांनी मोकळेपणी बोलून दाखवली. मराठी भागात असे काम त्या वेळी झाले नाही, ही आपली मोठी हानी. तेलंगणात कम्युनिस्ट पक्षाची शिस्त होती, बायकांना त्या लढ्यात स्वतःची अशी जागा होती. इकडे लढा वाड्यांतून आणि कॅम्पांतून चालला, बाई घरातच राहिली आणि तिचे काम घरकामात मिसळून गेले. तिसरा प्रवाह गेल्या पंधरा-वीस वर्षांतला. सुनील पुरुषोत्तम, टेलर शर्मन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हैदराबादच्या विलीनीकरणातला हिंसाचार पुन्हा तपासायला घेतला. युरोपात नादिन अकरमन यांनी सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीतल्या हेर स्त्रियांवर २०१८ मध्ये जे पुस्तक लिहिले त्याची पद्धतही इथे उपयोगी आहे. घरगुती पत्रांत, हिशेबांत, फेटाळलेल्या अर्जांत शोधा, असे ती पद्धत सांगते.

या तिसऱ्या प्रवाहामुळे एक अवघड गोष्ट टाळता येत नाही आणि टाळूही नये. सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदले आणि लातूरचा उल्लेख वेगळा केला. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून होता. आता हेरगिरीच्या बाजूने विचार करा. ऑगस्टमध्ये कोण कुठे उतरले आहे हे जिला ठाऊक होते, तिलाच ऑक्टोबरमध्ये कोण कुठे लपले आहे हेही ठाऊक होते. माहिती तीच, पेव तेच, बळद तेच. काहींनी ती सांगितली. काहींनी जिभेवर येऊ दिली नाही आणि कुणाचा तरी जीव वाचला. रझाकारांच्या धाडीआधी हिंदू घरांना सावध करणाऱ्या मुसलमान शेजारणीही याच हिशेबात धराव्या लागतात. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांचा विलीनीकरणाची बाजू घेतल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, तेव्हा बाजू धर्मावरून ठरत होत्या असे म्हणणाऱ्याने हे नाव आठवावे. या विषयावरच्या पुस्तकात फक्त अभिमान असेल तर ते पुस्तक खोटे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत संग्रह त्या कसोटीला उतरतो. दोन्ही प्रकारच्या आठवणी संपादकांनी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि मध्ये निवेदकाचा सूर घातलेला नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याला एक रोखठोक उत्तर आहे. १९४८ मध्ये जी सोळा वर्षांची होती तिने आज नव्वदी ओलांडली आहे. पण वयाखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते या जिल्ह्याचे स्वतःचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे भुईसपाट केली. माणसे गेली, तशीच माळवदाची घरे, भिंतीतले कोनाडे, ट्रंकांतले कागदही गेले. कित्येक गावे दुसऱ्या जागी, आखीव रस्त्यांवर वसली. हेरगिरीची आठवण जागेला चिकटलेली असते: या बोळातून त्या परसात, तिथून मारुतीच्या मागे. तो बोळच उरला नाही, तर ऐकणारा नातू ती वाट डोळ्यांसमोर कशी आणणार? म्हणून या संग्रहात जुन्या गावठाणांची हाताने काढलेली चित्रे दिली आहेत ती सजावट म्हणून नव्हेत. मला स्वतःला ती पुस्तकातली सर्वांत मोलाची पाने वाटली.

राजकारणाचीही भर आहेच. २०२२ पासून या लढ्याचा अमृतमहोत्सव सुरू झाला तेव्हा हैदराबाद शहरात १७ सप्टेंबर ही एकच तारीख केंद्राने एका नावाने आणि राज्याने दुसऱ्या नावाने साजरी केली. दोन्ही मंडपांत भाषणे पुष्कळ झाली. ज्यांचे कोणत्याच मंडपात नाव नाही अशांची साक्ष नोंदवून ठेवणे त्या गलबल्यात अधिक निकडीचे होते.

पुस्तक काय करू पाहते हे थोडक्यात सांगतो. ते चरित्रकोश नाही आणि गौरवग्रंथही नाही. आठवणींची मांडणी व्यक्तींनुसार न करता वाटांनुसार केली आहे: बार्शीकडची वाट, पैनगंगेची वाट, बीदरकडची वाट. यामुळे एकच निरोप किती हातांतून गेला हे दिसते, आणि एकटीच्या पराक्रमाची गोष्ट रंगवण्याचा मोह आपोआप आवरतो. पोलिसांच्या आणि रेल्वेच्या जुन्या कागदांशी आठवणी पडताळून पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यात अडचण अशी की निजामी दप्तरांत तारखा फसली सनाच्या, महिने आजूर, दै, बहमन असे, आणि आजींच्या आठवणीत ‘हरभरा सोंगायला आला होता’ किंवा ‘नागपंचमीच्या आधल्या दिवशी’. फसली १३५७ मधला दै महिना आणि हरभऱ्याचे घाटे यांचा मेळ घालणे हे किचकट काम संपादकांनी चिकाटीने केले आहे. जिथे मेळ बसला नाही तिथे दोन्ही नोंदी तशाच ठेवल्या.

उणीव दाखवायची तर ती जातीच्या अंगाने आहे. ज्या बायका कुणाच्याही दारात जाऊ शकत, शेतावर मजुरीला, बाळंतपणाला, मैला उचलायला, त्यांच्या वाट्याला बातमीही सर्वांत जास्त येई आणि संशयही. वाड्यातल्या बाईने दिलेला निरोप प्रत्यक्ष रानातून नेणारी बहुतेक वेळा तिची सालदारीण असे. पहिलीचे नाव घराण्याच्या कागदात सापडते, दुसरीचे नाही. या संग्रहातही ते प्रमाण तसेच राहिले आहे. पुढच्या आवृत्तीआधी दलित वस्त्यांतून आणि लातूर-उदगीरच्या मुस्लिम मोहल्ल्यांतून आणखी फिरावे लागेल, आणि ते फिरणे वर्ष-दोन वर्षांत झाले तरच उपयोग.

वाचकाला एक सूचना. आजचा जिल्ह्यांचा नकाशा मनातून काढून टाका. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्या काळी लातूर आणि औसा उस्मानाबादेत होते, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यात. उदगीरच्या बाईची तक्रार बीदरच्या कचेरीत जाई, तिच्या मावसबहिणीची उस्मानाबादच्या. हे लक्षात न घेतल्यास काही आठवणी एकमेकींना छेद देतात असे वाटेल. पुस्तकाच्या शेवटी १९४८ चा नकाशा जोडला आहे, तो उघडाच ठेवून वाचावे.